झाड ९९ टक्के बरोबर, तरी बुडणारी बँक एकही सापडत नाही: डिसिजन ट्री कुठे तपासायचं?

लक्षण ओळखीचं आहे. कोणती बँक बुडेल हे ओळखायला तिमाही आकड्यांवर डिसिजन ट्री (एकेका आकड्यावर ‘कमी की जास्त’ असं विचारत बँकांचे गट पाडणारं मॉडेल) चालवलं, अचूकता ९९ टक्क्यांच्या वर आली, आणि कन्फ्यूजन मॅट्रिक्स (भाकीत आणि खरं उत्तर समोरासमोर मोजणारा तक्ता) उघडलं तर ‘बुडाली’ या रकान्यात शून्य. किंवा नेमकं उलटं होतं. चाचणीत बुडालेल्या जवळजवळ सगळ्या बँका सापडल्या, पण पुढच्या वर्षाचे आकडे दिल्यावर झाड काहीच बोलेना. दोन्ही तक्रारी पुन्हा पुन्हा येतात. मग झाडाची खोली (प्रश्नांच्या पातळ्या) वाढवली जाते, त्यानं भागलं नाही की रँडम फॉरेस्ट, मग एक्सजीबूस्ट, म्हणजे एकाऐवजी अनेक झाडं एकत्र वापरणाऱ्या पद्धती.

माझं स्पष्ट मत असं की बहुतेक वेळा दोष झाडात नसतो, त्याला दिलेल्या तक्त्यात असतो. एक ओळ म्हणजे नेमकं काय, ‘बुडाली’ कशाला म्हणायचं आणि समोरचा आकडा त्या दिवशी कुणाला माहीत होता का, हे न ठरवताच तक्ता बनलेला असतो. म्हणून पुढची बरीचशी तपासणी तक्त्याची आहे. उदाहरणं अमेरिकेतली घेतली आहेत, कारण तिथल्या प्रत्येक विमाधारक बँकेचा तिमाही कॉल रिपोर्ट (नियामकाला भरायचा आर्थिक अहवाल) आणि एफडीआयसी या ठेवींचा विमा उतरवणाऱ्या सरकारी संस्थेची बुडालेल्या बँकांची यादी दोन्ही सगळ्यांसाठी खुली आहेत, आणि या विषयावर काम करणारे बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात.

झाडाला एकही फांदी फुटत नाही

आधी प्रमाण मोजा. २०१० हे अलीकडच्या काळातलं सर्वात वाईट वर्ष. त्या वर्षी १५७ बँका बुडाल्या. वर्षाच्या सुरुवातीला बँका होत्या सुमारे ८,०००. म्हणजे सर्वात वाईट वर्षीही बुडणाऱ्यांचं प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास. त्यात प्रत्येक बँकेच्या चार तिमाही ओळी केल्या आणि फक्त शेवटच्या ओळीला ‘बुडाली’ म्हटलं, की प्रमाण अर्ध्या टक्क्यावर येतं. अशा तक्त्यात ‘कुणीच बुडणार नाही’ एवढंच सांगणारं मॉडेल ९९.५ टक्के बरोबर ठरतं. त्यामुळे या कामात अचूकतेचा आकडा बघूच नका, अहवालातही देऊ नका. वाचणाऱ्याची त्यानं फसवणूक होते.

आता एक बारीक जागा. अर्ध्या टक्क्याच्या प्रमाणावर मुळाशी, म्हणजे पहिल्या प्रश्नाआधी, गिनी अशुद्धता (गटात दोन्ही प्रकार किती मिसळले आहेत याचं माप) येते २ × ०.००५ × ०.९९५, म्हणजे ०.०१ पेक्षा किंचित कमी. सायकिट-लर्न या पायथनच्या लायब्ररीत ‘मिन इम्प्युरिटी डिक्रीज’ (फांदी फुटायला अशुद्धता किमान किती घटायला हवी) जर ०.०१ ठेवलं असेल, तर पहिली फांदीसुद्धा फुटणं गणितानंच अशक्य आहे, कारण मुळाशी तेवढी अशुद्धताच नाही. आर या भाषेतल्या आरपार्ट या पॅकेजचंही असंच. त्याचं ‘सीपी’ (फांदी ठेवायला चूक किमान किती घटायला हवी) मुळात ०.०१ असतं, आणि कुठल्याच पानात (शेवटच्या गटात) बुडणाऱ्या बँका बहुमतात आल्या नाहीत, तर छाटणीनंतर फक्त मूळ उरतं. झाड ‘शिकत नाही’ असं वाटलं की आधी हे दोन आकडे पाहा.

उपाय म्हणजे वजनं: बुडालेल्या बँकांच्या ओळींना जास्त महत्त्व द्यायचं. सायकिट-लर्नमध्ये ‘क्लास वेट’, आरपार्टमध्ये ‘प्रायर’ किंवा ‘लॉस’ मॅट्रिक्स. पण वजनं लावल्यावर पानातून बाहेर पडणारा आकडा शक्यता राहत नाही, आणि इथे फार जण चुकतात. समजा खरं प्रमाण १ टक्का आहे, वजनं ‘बॅलन्स्ड’ (दोन्ही गटांचं एकूण वजन सारखं) आहेत आणि एका पानावर ०.८ आलं. याचा अर्थ ती बँक बुडण्याची शक्यता ८० टक्के आहे असा नाही. ०.८ म्हणजे बुडणं विरुद्ध न बुडणं चारास एक. त्याला खऱ्या प्रमाणानं, म्हणजे १ भागिले ९९ नं गुणलं की ४ विरुद्ध ९९ उरतं, म्हणजे शक्यता येते जेमतेम ३.९ टक्के. क्रम लावायला ०.८ चालेल, पण ‘या बँकेला ८० टक्के धोका’ असं लिहून कुणापुढे ठेवलं तर ते खोटं आहे. बँकेबाबत असं वाक्य बाहेर पडलं तर त्यानंच ठेवीदार रांगा लावतील.

स्मोटसारखी पद्धत वापरून कृत्रिम ‘बुडीत बँका’ तयार करणं मला पटत नाही. जॉर्जियामधली बांधकाम कर्जांनी बुडालेली बँक आणि अफरातफरीनं बुडालेली दुसरी कुठली तरी बँक, यांच्या मधोमध बनवलेली तिसरी बँक ताळेबंदाच्या दृष्टीनं काहीच नसते. आणि ट्रेनिंगच्या (झाड शिकवायच्या) आणि चाचणीच्या ओळी वेगळ्या करण्याआधीच स्मोट चालवलं असेल, तर चाचणीतल्या बँकांची छाया ट्रेनिंगमध्ये आलेलीच आहे. तो निकाल टाकून द्या.

‘बुडाली’ कोणाला म्हणायचं

हा प्रश्न सोपा वाटतो, पण नाही. कॉन्टिनेन्टल इलिनॉय १९८४ मध्ये अक्षरशः कोसळली होती, तरी तिला टाळं लागलं नाही. एफडीआयसीनं मदत देऊन ती चालू ठेवली. एफडीआयसीच्या ऐतिहासिक नोंदींत बंद पडलेल्या आणि मदत मिळालेल्या अशा दोन्ही बँका शेजारी शेजारी असतात. प्रकाराचा रकाना न पाहता सगळी यादी उचलली, तर तुमच्या लेबलमध्ये (‘बुडाली की नाही’ या उत्तराच्या रकान्यात) दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या. २०२३ च्या मार्चमध्ये सिल्वरगेट बँकेनं स्वतःहून गाशा गुंडाळला आणि ठेवी परत केल्या. बुडालेल्यांच्या यादीत ती नाही. जोखमीच्या दृष्टीनं ती ‘सुरक्षित’ धरायची का? आणि अडचणीत आल्यावर घाईघाईनं दुसऱ्या बँकेत विलीन झालेल्या कितीतरी बँका तक्त्यात ‘शून्य’ म्हणून बसलेल्या असतात, त्यांचे आकडे बुडालेल्यांसारखेच असतात, आणि झाड गोंधळतं.

विलीन झालेल्या बँकांच्या शेवटच्या वर्षाच्या ओळी मी ट्रेनिंगमधून वगळतो आणि निकाल त्यांच्यासह व त्यांच्याविना, असा दोन्ही प्रकारे पाहतो. दुसरा मार्ग वेगळं लेबल देण्याचा. कोणताही घ्या, पण काय ठरवलं ते लिहून ठेवा.

चाचणीत छान, प्रत्यक्षात गप्प

सर्वात जास्त वेळ इथे द्या.

झाडाची पहिली फांदी वाचा. ‘भांडवल भागिले मालमत्ता २ टक्क्यांपेक्षा कमी’ अशासारखं काही दिसलं तर थांबा. १९९१ च्या कायद्यानं आणलेल्या ‘प्रॉम्प्ट करेक्टिव्ह ॲक्शन’ नियमांनुसार ज्या बँकेचं मूर्त भांडवल मालमत्तेच्या २ टक्के किंवा त्याखाली जातं, तिच्यावर साधारण ९० दिवसांत रिसीव्हर (बँकेचा ताबा घेऊन ती गुंडाळणारा) नेमण्याची तरतूद आहे. म्हणजे झाडानं भविष्य ओळखलेलं नाही, नियामकाचा नियम पाठ केला आहे. त्या टप्प्यावरची बँक तुम्ही सांगण्याआधीच सगळ्यांना माहीत असते. लेबल ‘पुढच्याच तिमाहीत बुडाली’ असं ठेवलं की हे होणारच. अंतर चार ते आठ तिमाहींपर्यंत वाढवा. निकाल खाली येईल, आणि तो यायलाच हवा. पण आता फांद्यांमध्ये थकीत कर्जं, बांधकाम व जमीन विकासाच्या कर्जांचा वाटा, दलालांमार्फत आलेल्या ठेवी, मालमत्तेची भरमसाट वाढ असे रकाने दिसायला लागतील. २००८ ते २०१२ या पाच वर्षांत बुडालेल्या ४६५ बँकांपैकी बऱ्याच जणींची कहाणी याच रकान्यांत आहे. अमेरिकी नियामकांनी डिसेंबर २००६ मध्येच बांधकाम कर्जं भांडवलाच्या १०० टक्क्यांवर आणि एकूण व्यावसायिक स्थावर कर्जं ३०० टक्क्यांवर गेली की लक्ष द्या, असं सांगून ठेवलं होतं. तुमच्या झाडाची छेदरेषा (ज्या आकड्यावर फांदी फुटते तो) या आकड्यांच्या जवळ आली का, हे ताडून पाहण्यासारखं आहे.

पुढची गळती तारखांची. ३१ डिसेंबरचा कॉल रिपोर्ट ३१ डिसेंबरला कुणाच्याच हातात नसतो. तो भरायला साधारण ३० दिवस मिळतात. म्हणून प्रत्येक ओळीला दोन तारखा द्या: आकडे कोणत्या दिवसाचे आणि भाकीत कोणत्या दिवशीचं. उदाहरणार्थ ३१ डिसेंबर २००८ च्या आकड्यांवरून १ मार्च २००९ ला भाकीत करायचं, आणि लेबल १ मार्च २००९ ते २८ फेब्रुवारी २०१० या काळात बँक बुडाली की नाही याचं. मधल्या दोन महिन्यांत बुडालेल्या बँका वगळा, त्या भाकिताच्या दिवशी अस्तित्वातच नव्हत्या.

याच मांडणीतून एक गोष्ट निघते आणि ती हमखास विसरली जाते. १ मार्च २००९ ला उभं राहून मॉडेल शिकवायचं असेल, तर ३१ डिसेंबर २००८ ची किंवा त्याआधीच्या सप्टेंबरची ओळ ट्रेनिंगमध्ये घेता येत नाही, कारण त्यांची उत्तरं अजून मिळालेली नाहीत. बारा महिन्यांची मुदत पूर्ण झालेली शेवटची डिसेंबर ओळ ३१ डिसेंबर २००७ ची आहे. ही अट पाळली की २००९ चं भाकीत एकदम अवघड होतं, कारण जून २००४ नंतर २००७ च्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेत एकही बँक बुडाली नव्हती आणि २००७ मध्ये फक्त तीन बुडाल्या. शिकायला उदाहरणं अगदी मोजकीच. मग १९८० आणि १९९० च्या दशकांतल्या संकटाचे आकडे लागतात. हा खरा प्रश्न आहे, आणि ओळींची ट्रेनिंग व चाचणीत रँडम वाटणी केली की तो दिसतच नाही.

रँडम वाटणीचा दुसरा तोटा असा की एकाच बँकेची जूनची ओळ ट्रेनिंगमध्ये आणि सप्टेंबरची चाचणीत जाते. तीन महिन्यांत ताळेबंद फारसा बदलत नाही, त्यामुळे झाड धोका ओळखण्याऐवजी बँकच ओळखतं. वाटणी काळानुसार करा, आणि ट्रेनिंगमधल्या क्रॉस-व्हॅलिडेशनसाठी (ट्रेनिंगचेच तुकडे आळीपाळीनं तपासणीला ठेवण्यासाठी) प्रत्येक बँकेचा एफडीआयसी प्रमाणपत्र क्रमांक गट म्हणून वापरा. नाव वापरू नका, ते बदलतं.

दुरुस्त केलेल्या अहवालांकडेही लक्ष हवं. अडचणीतल्या बँका आधी तोटा कमी दाखवतात आणि तपासणीनंतर सुधारित अहवाल भरतात. आज उतरवून घेतलेल्या फाइलमध्ये सुधारित आकडे असतील, तर तुमच्या झाडाला तेव्हा कुणालाच न दिसलेला तोटा दिसतो आहे. रिकाम्या जागांचंही तसंच. शेवटचा अहवाल भरण्याआधीच बंद पडलेल्या बँकेचे रकाने कोरे असतात. सायकिट-लर्नची झाडं १.३ आवृत्तीपासून कोऱ्या जागा स्वतःच हाताळतात, म्हणजेच ‘कोरं आहे, तेव्हा बुडाली’ हेही ती आनंदानं शिकतात.

पानात बँका किती, ओळी किती

लेबल ‘पुढच्या बारा महिन्यांत बुडाली’ असं असेल, तर बुडालेल्या एका बँकेच्या चार ओळींना तेच लेबल लागतं. १५७ बँकांच्या ६२८ ओळी होतात, पण माहिती १५७ बँकांचीच असते. ‘मिन सॅम्पल्स लीफ’ (पानात किमान किती ओळी हव्यात) २० ठेवून निश्चिंत झालात, तरी त्या पानात प्रत्यक्षात पाचच बँका असू शकतात. प्रत्येक पानातल्या वेगवेगळ्या प्रमाणपत्र क्रमांकांची संख्या काढा. जिथे ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहे, तिथला नियम कुणाला सांगू नका.

दर तिमाहीला वेगळंच झाड

मार्चचे आकडे मिळवून झाड पुन्हा शिकवलं आणि मूळच बदललं, ही तक्रारही नेहमीची. भांडवलाची तीन-चार गुणोत्तरं एकमेकांची भावंडंच असतात. कोणतं वर येईल हे चार-दोन ओळींवर ठरतं. भावंडांतलं एकच ठेवा. मग बँकांचे नमुने पुन्हा पुन्हा उचलून शंभरेक झाडं वाढवा आणि कोणता रकाना किती वेळा पहिल्या दोन पातळ्यांत येतो ते मोजा. ते मोजमाप एका झाडाच्या ‘फीचर इम्पॉर्टन्स’पेक्षा (कोणता रकाना किती कामाचा याच्या आकड्यापेक्षा) कितीतरी विश्वासाचं असतं.

झाड एका वेळी एकाच रकान्यावर कापतं, हेही लक्षात ठेवा. थकीत कर्जं एका रकान्यात आणि तोटा सोसायची ताकद दुसऱ्या रकान्यात असेल, तर त्यांचं नातं पकडायला त्याला पायऱ्या-पायऱ्यांनी कापत जावं लागतं, आणि झाड उगाच खोल होतं. टेक्सास रेशो हे तयार उत्तर आहे: थकीत कर्जं आणि जप्त मालमत्ता यांची बेरीज भागिले मूर्त भांडवल आणि तोट्यासाठीची तरतूद यांची बेरीज. १०० टक्क्यांपुढे गेलं की परिस्थिती गंभीर. हा एक रकाना दिला की पुष्कळदा झाड तीन पातळ्यांत आटोपतं. त्याच्या शेजारी, त्या तिमाहीत इतर बँकांच्या तुलनेत ही बँक कितव्या शतमकावर आहे, तोही रकाना द्या. मूळ आकडा मात्र काढू नका, कारण मंदीत सगळ्याच बँका एकत्र खाली जातात आणि नुसत्या क्रमांकात ते कळत नाही.

झाडच वापरायचं की जंगल? भाकीत थोडं सुधारतं म्हणून जंगल घेण्यात गैर काही नाही. पण तपासणी अधिकाऱ्याला ‘ही बँक यादीत का?’ याचं उत्तर द्यावं लागतं, आणि चार फांद्यांचं झाड ते एका वाक्यात देतं. या कामात मी थोडा निकाल सोडून ते उत्तर घेईन.

निकाल कशानं मोजायचा

यादीनं. पुढच्या तिमाहीत किती बँकांकडे बारकाईनं पाहता येईल, हे आधी ठरवा. समजा २०० बँका. मग झाडाच्या वरच्या २०० मध्ये प्रत्यक्ष बुडालेल्यांपैकी किती आल्या, तेवढंच विचारा. २०१८, २०२१ आणि २०२२ मध्ये अमेरिकेत एकही बँक बुडाली नाही. ती वर्षं चाचणीला घेतलीत तर प्रत्येक इशारा खोटाच ठरणार, त्यावरून मॉडेल वाईट आहे असं म्हणता येत नाही.

खोट्या इशाऱ्याला फार घाबरूही नका. २०१० च्या अखेरीस एफडीआयसीच्या स्वतःच्या ‘समस्याग्रस्त’ यादीत ८८४ बँका होत्या, आणि २०११ मध्ये बुडाल्या ९२. उरलेल्यांना यादीत घालणं चूक होतं असं कुणी म्हणणार नाही. वेळेत लक्ष गेलं म्हणून सावरलेली बँक तुमच्या तक्त्यात चुकीचा इशारा म्हणून दिसते. म्हणून खोट्या इशाऱ्यांतल्या बँका पुढच्या दोन वर्षांत कुठे गेल्या ते बघा: विलीन झाल्या, नवं भांडवल आलं, की खरंच काहीच झालं नाही?

२०२३ मात्र हुकलं

२००८-१२ वर शिकलेलं झाड सिलिकॉन व्हॅली बँकेला निर्धास्त पास करतं. थकीत कर्जं नगण्य, भांडवलाची गुणोत्तरं उत्तम. १० मार्च २०२३ ला ती बंद झाली. आदल्या एका दिवसात ठेवीदारांनी सुमारे ४२ अब्ज डॉलर काढले होते. झाडात बिघाड नव्हता, त्याच्याकडे ते रकानेच नव्हते. व्याजदर वर्षभरात शून्याजवळून साडेचार टक्क्यांच्या आसपास गेले, जुन्या रोख्यांची किंमत पडली. ‘मुदतीपर्यंत ठेवायचे’ म्हणून नोंदलेल्या रोख्यांवर या बँकेचा कागदावरचा तोटा २०२२ च्या अखेरीस सुमारे १५ अब्ज डॉलर होता, आणि भांडवल सुमारे १६ अब्ज. शिवाय सुमारे ९४ टक्के ठेवी अडीच लाख डॉलरच्या विमा मर्यादेबाहेरच्या.

हे आकडे दडलेले नव्हते. रोख्यांची खरेदी किंमत आणि बाजारभाव दोन्ही कॉल रिपोर्टात असतात. एक अब्ज डॉलरच्या वरच्या बँका विमाबाह्य ठेवींचा अंदाजही देतात. म्हणून दोन रकाने आजच वाढवा: रोख्यांवरचा कागदी तोटा वजा करून उरणारं भांडवल भागिले मालमत्ता, आणि विमाबाह्य ठेवींचा वाटा. फक्त २००८-१२ च्या ओळींवर झाड त्यांना फारसं महत्त्व देणार नाही, आणि २०२३ मध्ये बुडालेल्या बँका पाचच, तेवढ्यांवर झाड शिकत नाही. तेव्हा हे रकाने झाडाच्या बाहेर साध्या नियमासारखे ठेवा: दोन्ही आकडे ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेले की बँक यादीत, झाड काहीही म्हणो.

त्या पाचांतली एक होती कॅन्सासमधली छोटी हार्टलँड ट्राय-स्टेट बँक. तिच्या प्रमुखानं काही आठवड्यांत बँकेचे सुमारे ४७ दशलक्ष डॉलर क्रिप्टोच्या फसवणुकीत घालवले. त्याआधीच्या अहवालात बँक सुदृढ होती, आणि तिमाही गुणोत्तरांवरचं कुठलंही झाड तिला पकडू शकलं नसतं. असं लेबल पकडण्यासाठी झाड खोल करत बसू नका. बुडालेल्या प्रत्येक बँकेपुढे कारणाचा एक रकाना ठेवा: कर्जं, व्याजदर व ठेवी, अफरातफर. आणि किती सापडल्या हे त्या प्रत्येक कारणासाठी वेगळं मोजा.